गंगेच्या खात्यातील शिल्लक

हस्तिनापूरच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांना मेरठ सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उसाचे फड दिसू लागतात आणि त्यांना ते अगदी साजेसे वाटते. भगवान ऋषभदेवांना प्रदीर्घ उपवासानंतर श्रेयांस राजाने इक्षुरसाचा आहार दिला तो याच नगरीत. अक्षय्य तृतीयेला आजही तेथे वर्षीतपाची पारणी उसाच्या रसाने होतात. परंतु सध्या नजरेत भरणारा हा ऊस बव्हंशी कालव्यांनी आणि त्यांच्या झिरप्यावर चालणाऱ्या कूपनलिकांनी वाढविलेला आहे, आणि कालव्यांतील पाणी गंगेचे आहे.

गोमुखाहून निघणारी भागीरथी देवप्रयागला अलकनंदेस मिळते व तेथून पुढे गंगा म्हणवली जाते. हरिद्वारला ती डोंगर सोडते न सोडते तोच भीमगोडा बंधाऱ्याशी तिच्या पाण्याची पहिली मोठी उचल होते. १८३७-३८ च्या भीषण दुष्काळात गंगा-यमुनेच्या दुआबात अन्नाविना असंख्य माणसे दगावली. त्यानंतर प्रॉबी कॉटली या अभियंत्याने आखलेला अप्पर गंगा कालवा एप्रिल १८५४ मध्ये वाहू लागला. रुडकीपाशी तो सोलानी नदीच्या डोक्यावरून जलसेतूने पलीकडे जातो. ते बांधकाम वाट वाकडी करून पाहावे असे आहे. या कालव्याने दुआबाला अन्न दिले, हे कोणीही नाकारू नये.

प्रश्न प्रमाणाचा आहे. कालव्याची आजची वहनक्षमता सुमारे १०,५०० क्युसेक आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार ऑक्टोबर ते मे या काळात भीमगोड्याखाली नदीत किमान ३६ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे जेमतेम १,२७० क्युसेक, पाणी सोडावयाचे असते. पुढे बिजनोरला मध्य गंगा कालवा आणि नरोऱ्याला १८७८ पासूनचा लोअर गंगा कालवा पुन्हा उचल करतात. तेथे किमान शिल्लक २४ घनमीटर ठरली आहे. शिवाय अप्पर गंगा कालव्याचे पाणी मुरादनगरहून दिल्लीच्या सोनिया विहार केंद्रात जाते आणि नळाने घरोघर पोहोचते. दिल्लीतील कितीतरी जैन कुटुंबे गंगेचेच पाणी गाळून पितात.

उसाला पाणी किती लागते, हे कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात कालव्याचा दर एकराप्रमाणे आकारला जात असे. मोजून पाणी देण्याची रीत नव्हती. ज्या वस्तूचे मोजमाप नाही तिची काटकसर कोण करणार?

जलगालनाचा आपला नियम येथे आठवतो. पाणी गाळल्यावर गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे असतील त्याच विहिरीत अलगद परत सोडावयाचे असतात. दुआबातून गंगेकडे जे परत येते त्यातील बरेचसे काली नदीतून येते. मेरठ परिसरातील सांडपाणी, साखर कारखान्यांची व मद्यार्कशाळांची मळी घेऊन ती कनोजपाशी गंगेला मिळते.

हस्तिनापूरशी गंगा आता वाहतही नाही. जुन्या पात्राला तेथे बूढी गंगा म्हणतात. मुख्य धारा काही किलोमीटर पूर्वेस सरकली आहे. त्या धारेत, बिजनोर आणि नरोरा या दोन बंधाऱ्यांच्या मध्ये, गंगेतील डॉल्फिन अजून टिकून आहेत. २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर ठरलेला हा प्राणी जवळजवळ आंधळा असतो; आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तो वाट शोधतो. त्याला खोल डोह हवेत, आणि कोरड्या महिन्यांत पात्र उथळ होते तेव्हा डोहही आक्रसतात.

काशीतील भदैनी घाटावर भगवान सुपार्श्वनाथांचे जन्मस्थान म्हणून मंदिर आहे. शेजारीच १९०५ मध्ये गणेशप्रसाद वर्णींनी स्थापिलेले स्याद्वाद महाविद्यालय. त्या पायऱ्यांवरून पौषात जी भरलेली गंगा दिसते तिच्यात रामगंगा, यमुना आणि यमुनेतून आलेल्या चंबळेचे पाणी मोठ्या प्रमाणात असते. गोमुखाहून निघालेले पुष्कळसे पाणी तोवर उसाच्या फडांत मुरलेले असते.