लटकू नका, टेकू द्या!

गेल्या मार्चमध्ये मुक्ताईनगरहून मामाचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. डायरेक्ट वाक्य कानावर : "तूच तं सांगलं होतं नं माय लटकाले!"

गुन्हा कबूल. सांगितलं होतं मीच.

मामाची केळीची बाग आहे. कापणी सुरू झाली की वीस-पंचवीस किलोचे घड खांद्यावर घेऊन मजुरांबरोबर तोही ट्रककडे चालतो. त्यात कंबर धरली. इकडे पुण्यात मी फ्रीलान्सर. लॅपटॉप मांडीवर, मोबाइल खांदा आणि कानाच्या मध्ये, मान कायम वाकडी. माझं दुखणं मी एका व्हिडिओवर सोपवलं होतं : बारला लटका, मणके मोकळे करा! दोन दिवस मस्त वाटलं आणि मी लगेच एक्स्पर्ट झाले. मामाला फोनवरच फंडा दिला. मामाने शेडमधला आडवा पाइप धरला, पाय उचलले, मिनिटभर लोंबकळला आणि धप्पकन खाली उडी मारली. कळ कमरेतून थेट पोटरीत. चार दिवस अंथरुणात.

आता खरं टेन्शन. मामा दर वर्षी ज्येष्ठात मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जातो. महिनाभराची वाट. 'यंदा वारी चुकली तर तुझ्यामुळे,' असं मामी म्हणाली नाही. नुसतं "हं" म्हणाली. त्यात सगळं आलं.

मी भुसावळची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी मामाला घेऊन जळगावला आधी डॉक्टरांकडे, मग त्यांनी सांगितलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे. बाईंनी मामाच्या पायांची ताकद तपासली, कुठे बधिर वाटतं का, लघवीवर ताबा आहे ना, हे विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची मानही दाखवा." कसं कळलं कोण जाणे!

तर हा फंडा काय आहे?

आपल्या मणक्यांमध्ये २३ चकत्या असतात. दिवसभराच्या दाबाने त्यांच्यातलं थोडं पाणी निघून जातं, रात्री आडवं पडल्यावर परत भरतं. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा एखादा सेंटिमीटर उंच असतो! स्पायनल डीकॉम्प्रेशन म्हणजे हाच दाब थोडा वेळ कमी करणं. बरं वाटतं, खोटं नाही. पण ताणल्याने दुखणं मुळापासून जातं, याला पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. तिने कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन यांना नको म्हटलं आणि व्यायामाला हो.

मानेचंही गणित ऐका. डोकं साधारण पाच किलोचं. अमेरिकेतले सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये कॉम्प्युटर मॉडेलवर हिशेब मांडला : मान ६० अंशांत झुकली की मणक्यावर सुमारे २७ किलोंचा भार. म्हणजे मोबाइल बघताना मीही एक घडच वाहत होते!

मी हार मानते होय? म्हटलं, "पण पुण्यात अय्यंगार गुरुजींच्या संस्थेत १९७५ पासून लोक भिंतीच्या दोरांना लटकतात!"

"लटकतात ना," बाई म्हणाल्या. "पण शेजारी शिक्षक असतो. दोर कुठे यावा, किती वेळ राहायचं, कोणी करायचंच नाही, हे तो ठरवतो. तुमच्या मामांशेजारी कोण होतं?"

मी गप्प.

घरच्या घरी, जपून

• पाय खुर्चीवर : सतरंजीवर उताणे झोपा. पोटऱ्या खुर्चीच्या सीटवर, गुडघे काटकोनात. पाच ते दहा मिनिटं शांत श्वास. डेडलाइनच्या दिवशी माझी ही पहिली पसंती.

• ओट्याचा आधार : स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकवा, मागे सरका, गुडघे किंचित वाकवून कंबर मागे न्या. २० सेकंद, तीनदा. झोपेतून उठल्याउठल्या मात्र नको. तेव्हा चकत्या फुगलेल्या असतात.

• मानेसाठी : उताणे झोपून मानेखाली टॉवेलची छोटी गुंडाळी. हनुवटी हलकेच आत, पाच सेकंद, आठ-दहा वेळा. मान हाताने किंवा पट्ट्याने ओढायची नाही. कोणाकडून 'कट्' वाजवूनही घ्यायची नाही.

• अर्धं लटकणं : फिजिओने हो म्हटल्यावरच. तळपाय जमिनीवरच, गुडघे वाकवून थोडंसं वजन हातांवर. दहा सेकंद पुरे. उडी नाही. खांदा दुखत असेल तर मुळीच नाही.

उलटं टांगणारी टेबलं ऑनलाइन मिळतात. बीपी किंवा काचबिंदू असेल तर त्यांच्या वाटेलाही जाऊ नका. हाडं ठिसूळ असतील, ऑपरेशन झालं असेल किंवा गरोदर असाल, तर यातलं काहीही आधी डॉक्टरांना विचारून.

आणि एक सोपी खूण : व्यायाम करताना कळ हातात-पायात खाली उतरत असेल, तर थांबा. वर, कमरेकडे परत येत असेल, तर गाडी रुळावर आहे.

इथे मात्र थेट हॉस्पिटल

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मध्ये बधिर झालं, पायातली किंवा हातातली ताकद कमी झाली, चालताना तोल जाऊ लागला, तर उद्यावर टाकू नका. पडल्यानंतरचं दुखणं, किंवा दुखण्यासोबत ताप आणि घटतं वजन, हेही अंगावर काढायचं नाही.

मामाला बाईंनी रोज दहा मिनिटं चालायला लावलं. मग वीस, मग चाळीस. घड उचलणं बंद. ज्येष्ठ आला तेव्हा मामा पालखीबरोबर निघाला. सगळी वाट चालला नाही. दुपारी दिंडीच्या ट्रकमध्ये बसायचा, सतरंजी टाकून पाय पिशव्यांच्या ढिगावर ठेवायचा. बाकीचे वारकरी हसायचे म्हणे. मग त्यातलेच दोघं-तिघं शेजारी येऊन आडवे झाले!

पंढरपूरहून त्याचा फोन आला. मी मोबाइल खांद्यात धरून टाइप करत होते.

"लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवली का वं माय?"

मी मोबाइल स्पीकरवर टाकला आणि पुस्तकं शोधायला उठले.