महागडे मसाले, स्वस्त पर्याय आणि जबलपूरचे स्वयंपाकघर

गुजरातमधील उंझा बाजारात २०२३ च्या जुलैमध्ये जिऱ्याचा भाव क्विंटलमागे ६० हजार रुपयांच्या वर गेला आणि वर्षभरातच निम्म्याहून खाली आला. त्याआधी, २०१८ च्या केरळमधील पुराचा फटका बसल्यानंतर, २०१९ मध्ये वेलदोड्याची कमाल बोली किलोला ७ हजार रुपयांवर पोहोचली होती. असे भाव भडकले की पर्यायांचा शोध सुरू होतो. हा पर्याय गृहिणी निवडते की दुकानदार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेल्या जबलपूरमध्ये पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न जवळचा आहे. गोड्या मसाल्यात धणे सर्वाधिक लागतात आणि मध्य प्रदेश हे देशातील प्रमुख धणे उत्पादक राज्यांपैकी एक आहे. गुना जिल्ह्यातील कुंभराजची बाजारपेठ धण्यांसाठीच प्रसिद्ध आहे. जिरे महागले असता धण्यांचे प्रमाण थोडे वाढवून मसाल्याचा तोल सांभाळता येतो. फोडणीतील जिऱ्याची जागा मात्र धणे घेऊ शकत नाहीत, तेथे जिरे कमी घालणे एवढेच हाती उरते.

खसखशीची गोष्ट वेगळी आहे. मंदसौर आणि नीमच हे अफूच्या परवानाधारक लागवडीचे जिल्हे याच राज्यात आहेत; तरीही देशातील खसखस पुरत नाही आणि मोठा भाग तुर्कस्तानसारख्या देशांतून येतो. या आयातीच्या सौद्यांची नोंदणी ग्वाल्हेर येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडे करावी लागते. पुरवठ्याला अशी सरकारी वेसण असल्याने खसखस सहसा स्वस्त होत नाही. वाटण दाट करण्यापुरते पाहिले तर पांढरे तीळ किंवा कलिंगडाच्या बियांचा मगज हे काम चोख करतात. अनारशावर मात्र खसखशीला पर्याय नाही, हे कोणतीही जाणती गृहिणी सांगेल.

खरी अडचण दालचिनीपासून सुरू होते. बाजारात या नावाने मिळणारी जाड, खरखरीत साल बहुधा तज असते. खरी दालचिनी म्हणजे श्रीलंकेतील पातळ सालीच्या एकात एक गुंडाळलेल्या नळ्या. भारतीय अन्न मानकांत दोन्हींची नोंद स्वतंत्र आहे. तजेत कुमारिन हा घटक जास्त असतो आणि त्याचे अतिसेवन यकृताला अपायकारक ठरू शकते. मसालेभातातील एखाद्या तुकड्याने घाबरण्याचे कारण नाही. पण औषध म्हणून रोज चमचाभर पूड घेणाऱ्याने नेमके काय घेतले, हे त्याला कळायला हवे. दालचिनीच्या भावाने तज विकणे ही तर सरळ फसवणूकच होय.

केशराच्या जागी करडईच्या पाकळ्या किंवा मिऱ्यांत पपईच्या बिया, हे याच प्रकारातले. करडईने श्रीखंडाला रंग येईल, सुगंध येणार नाही. पण घरच्यांनी ते जाणून वापरले तर त्यात गैर काही नाही. मिऱ्यांची परीक्षा सोपी आहे: पाण्यात टाकल्यावर मिरे तळाशी बसतात, पपईच्या बिया तरंगतात.

उघड पर्यायाचे उत्तम उदाहरण हिंगाचे. अफगाणिस्तान व इराणमधून येणारा चीक पीठ आणि डिंक मिसळून विकला जातो, आणि तसे डबीवर छापलेले असते. देशात हिंगाची पहिली लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौलमध्ये २०२० मध्ये झाली. पण हे झाड चीक देण्यासाठी सुमारे पाच वर्षे घेते.

मसाल्याची पूड सुटी विकण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. अख्खे मसाले सुटे विकता येतात, आणि त्यांतील भेसळ निदान डोळ्यांना दिसते. त्यामुळे भाव चढलेले असताना धणे, मिरे, दालचिनी अख्खी आणून घरी कुटणे हे किलोमागे काही रुपये वाचवणाऱ्या तयार पाकिटापेक्षा अखेर स्वस्त पडण्याचा संभव अधिक आहे.