चवदार तळे आणि नीतीचा पाया

नीती समाजागणिक बदलते, म्हणून तिला वस्तुनिष्ठ पाया असूच शकत नाही, हे मत हल्ली उदारपणाचे लक्षण समजले जाते. ते महाडच्या चवदार तळ्याच्या काठी नेऊन तपासावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी या तळ्याचे पाणी प्यायले. कायदे कौन्सिलचा १९२३ चा ठराव आणि नगरपालिकेचा निर्णय त्यांच्या बाजूने होता, अस्पृश्य मानलेल्यांना तळे बंद ठेवणारी गावची रूढी विरुद्ध होती. नीती म्हणजे रूढीच असेल, तर त्या दिवशी पाणी पिणारे अनीतिमान आणि त्यांच्यावर लाठ्या उगारणारे नीतिमान ठरतात. हा निष्कर्ष ज्याच्या गळी उतरत नाही, त्याने मूळ गृहीतकच सोडले पाहिजे.

मतभेद एवढे आहेत तर सत्य कुठले, असे तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांच्या १९७७ च्या पुस्तकाचा आधार घेऊन विचारले जाते. पण महाडचा मतभेद कशाबद्दल होता? नंतर तळे 'शुद्ध' करताना १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते परत तळ्यात ओतले गेले. स्पर्शाने पाणी बाटते ही समजूत म्हणजे मूल्य नव्हे, तो पाण्याविषयीचा दावा आहे, आणि तो खोटा आहे. त्याच तळ्यावर गुरे पीत होती, परधर्मीयही पीत होते.

तत्त्वज्ञ ह्यूमचा आक्षेप याहून वजनदार आहे: 'आहे' यावरून 'असावे' निघत नाही. कबूल. पण 'मला तहान लागली, म्हणून पाणी द्या' असे म्हणणारा कारण देत असतो, आणि एकाच्या घशाला लागू पडणारे कारण दुसऱ्याच्या घशापाशी अडत असेल, तर फरक दाखवण्याची जबाबदारी अडवणाऱ्याची असते. 'शास्त्रात आहे' हे उत्तर पुरत नाही. शास्त्र योग्य कशावरून, हा प्रश्न उरतोच. सुसंगतीचा हा आग्रह तरी तुमची आवडच ना, असे कोणी म्हणेल. नाही. सुसंगती नाकारणाऱ्याला लाठी उगारता येते, बाजू मात्र मांडता येत नाही. तळ्यावर फक्त आपलाच हक्क सांगणाऱ्या सवर्णांना शेवटी बाजू मांडावीच लागली. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांचे अपील फेटाळले गेले. न्यायालयाने नीतीचा निवाडा केला नाही. ही रूढी अनादी काळापासूनची असल्याचा पुरावा मागितला, आणि तो त्यांना देता आला नाही.