नाव नाकारणाऱ्याचे स्मारक

थोर व्यक्तीच्या निधनानंतर तिचे स्मारक उभारणे ही समाजाची कृतज्ञता असते. परंतु ज्याने हयातीत स्वतःच्या नावाचा आग्रह धरला नाही, त्याचे स्मारक कसे असावे? बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न मनात आला.

नेस्मिथ यांचा जन्म १८६१ साली कॅनडात झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले. पुढे अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात ते शिक्षक झाले. १८९१ च्या हिवाळ्यात बंदिस्त व्यायामशाळेत कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी नवा खेळ शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. मुदत होती अवघी १४ दिवस. मैदानी खेळ आत आणले तर विद्यार्थी एकमेकांवर आदळत, दुखापती होत. नेस्मिथ यांनी या धसमुसळेपणाचे मूळ शोधले. चेंडू हाती घेऊन धावणारा असला की त्याला पाडणारा हवाच. म्हणून धावण्यासच मनाई केली. लक्ष्य जमिनीलगत असले की जोर लावावासा वाटतो. म्हणून ते १० फूट उंचावर नेले, जेथे बळापेक्षा कौशल्य उपयोगी पडते. सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि १३ नियम टंकलिखित करून सूचनाफलकावर लावले. त्यांतील पाचवा नियम असा, की प्रतिस्पर्ध्याला खांदा मारणे, धरणे, ढकलणे किंवा पाडणे सर्वथा वर्ज्य.

एका विद्यार्थ्याने या खेळाला ‘नेस्मिथ बॉल’ म्हणावे असे सुचविले. नेस्मिथ यांनी ते हसण्यावारी नेले. टोपली आणि चेंडू, एवढ्यावरच नाव ठरले.

बँकेच्या सेवेत मी अनेक न्यासांची खाती हाताळली. देणगीची रक्कम ठरण्यापूर्वी फलकावरील अक्षरांची उंची ठरल्याचेही पाहिले आहे. त्या अनुभवामुळे या नकाराचे मोल मला विशेष जाणवते. खेळ जगभर पसरला. आपल्या मुंबईतील नागपाड्याच्या गल्ल्यांतही रुजला. नेस्मिथ मात्र कॅन्सस विद्यापीठात अध्यापन करीत साधेपणाने राहिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच अधिकृत समावेश झाला, तेव्हा त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्रशिक्षकांच्या संघटनेने निधी जमविला. १९३९ साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर मात्र सन्मानांची रीघ लागली. १९५९ साली त्यांच्याच नावाने स्थापन झालेल्या गौरवमंडळाच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांची गणना झाली. विश्वविजेत्या संघाला नेस्मिथ चषक मिळू लागला. २०१० साली त्या १३ नियमांची दोन पाने लिलावात सुमारे ४३ लाख डॉलर्सना विकली गेली. आता ती कॅन्सस विद्यापीठात जतन केली आहेत.

मला यांपैकी एकच सन्मान फार भावतो. तेथील क्रीडागृहाला नेस्मिथ यांचे शिष्य फॉग ॲलन यांचे नाव आहे. आतील खेळपट्टीला नेस्मिथ यांचे. वास्तू शिष्याची, जमीन गुरूची! प्रशिक्षक म्हणून नेस्मिथ यांचे ५५ विजय आणि ६० पराभव. ॲलन यांचे विजय मात्र ७०० हून अधिक. ज्या गुरूचा शिष्य त्याच्या पुढे जातो, त्याला याहून समर्पक मान कोणता?

लिलावाच्या बोलीने कागदाची किंमत ठरते. कागदावरील विचाराची नाही. तो विचार इतकाच होता, की स्पर्धा असावी, पण समोरच्याला इजा करून जिंकणे नसावे. चषक आणि पुतळे वर्षातून एकदा आठवतात. पाचवा नियम मात्र प्रत्येक सामन्यात, पंचाच्या प्रत्येक शिट्टीबरोबर नव्याने पाळला जातो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मृत्यर्थ काही उभारताना, त्यांचा कोणता नियम आपण पाळणार आहोत, हे आधी ठरविले तर बरे. नाव कोठे कोरायचे, ते मागाहून पाहता येईल.