देवीचा कारभार आणि विधिमंडळाचे मौन

करवीरनिवासिनी अंबाबाई ही साऱ्या महाराष्ट्राची माउली. नवरात्रात तिच्या दर्शनासाठी लाखो भाविक कोल्हापुरात येतात. तिरुपतीहून तिच्यासाठी मानाचा शालू येतो. चैत्र यात्रेत जोतिबाचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. ही दोन्ही दैवते आणि कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील मिळून तीन हजारांहून अधिक मंदिरे पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या ताब्यात आहेत. समितीचा अध्यक्ष कोण ठरवतो? भाविक नव्हेत, पुजारी नव्हेत, ग्रामस्थही नव्हेत. तो ठरतो मुंबईत, मंत्रालयातील विधी व न्याय विभागात. उंटावरून शेळ्या हाकण्याचा याहून चांगला नमुना शोधूनही सापडणार नाही.

संस्थानी काळात या देवस्थानांचा सांभाळ छत्रपतींच्या दरबाराकडे होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ही जबाबदारी शासनाकडे आली. १९६९ मध्ये समिती स्थापन झाली. या हस्तांतरात एक मूलभूत फरक पडला, त्याकडे मात्र कोणी लक्ष दिले नाही. छत्रपती देवीचे भक्त होते. धर्ममर्यादा त्यांच्यावरही बंधनकारक होती. आजचे शासन स्वतःला निधर्मी म्हणवते. ज्याला धर्माशी कर्तव्य नाही, त्याने देवाच्या तिजोरीची किल्ली मात्र कमरेला लावायची, हा कोणता न्याय?

किल्ली हाती असलेल्यांनी कारभार तरी कसा केला? सरकार बदलले की समिती बदलते. नव्या नेमणुका रखडल्या की जिल्हाधिकारी प्रशासक होतात. २०२१ मध्ये हेच घडले. पूर, टंचाई, निवडणुका आणि महसूल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने उरलेल्या वेळात तीन हजार मंदिरे पाहायची! मूर्तीचेच उदाहरण घ्या. २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी मूर्तीचे रासायनिक संवर्धन केले. पुढे मूर्तीच्या स्थितीबद्दल पुन्हा तक्रारी झाल्या, वाद न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा संवर्धन करावे लागले. किरणोत्सवाच्या मार्गातील इमारतींच्या अडथळ्यांची चर्चा तर वर्षानुवर्षे चालली. समिती, महापालिका, जिल्हा प्रशासन, पुरातत्त्व खाते अशी अनेक दारे. पण उत्तरदायी कोण, हे भाविकाला कधीच कळत नाही.

जून २०१७ मध्ये देवीला घागरा-चोळी नेसवल्यावरून कोल्हापुरात संतापाची लाट उसळली. त्या आंदोलनाची परिणती म्हणून मार्च २०१८ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी अंबाबाई मंदिरासाठी स्वतंत्र कायदा मंजूर केला. वंशपरंपरागत पुजाऱ्यांऐवजी पगारी पुजारी नेमण्याची वाट त्याने मोकळी केली. विधेयक मंजूर झाले, श्रेय घेऊन झाले, बाके वाजवून झाली. पुढे काय? कायदा प्रत्यक्षात आणा, अशी मागणी कोल्हापूरकरांना त्यानंतरही वर्षानुवर्षे करावी लागली. विधिमंडळाने केलेला कायदा कार्यपालिकेच्या कपाटात पडून राहतो आणि विधिमंडळ जाब विचारत नाही, हा देवीचा अवमान आहेच. तो लोकप्रतिनिधींनी स्वतःचा करून घेतलेला अवमानही आहे.

रोगाचे मूळ इथे आहे. कायदा हा सांगाडा असतो. त्यावर मांस चढते ते नियमांचे, आणि नियम लिहितात खात्यातील अधिकारी. इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी १९२९ मध्ये या प्रवृत्तीला 'नवी जुलूमशाही' म्हटले होते. ती आवरण्यासाठी नियम सभागृहापुढे ठेवण्याची पद्धत रूढ झाली. लोकसभेने १९५३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र समिती नेमली. महाराष्ट्र विधिमंडळातही उपविधान समिती आहे. पण नियम पटलावर ठेवले जातात आणि कागदांच्या ढिगात विसावतात. देवस्थानाच्या नियमांवर, हिशेबांवर, जमिनींवर सभागृहात सविस्तर चर्चा झाल्याचे किती भाविकांना आठवते?

मंदिरे शासनाने सोडली तर पुजारी लुटतील, असा आक्षेप पुरोगामी मंडळी घेतात. वंशाचा मक्ता कोणालाच नको आहे. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने बडवे-उत्पातांचे हक्क संपवले आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. समाजाने ते स्वीकारले. पण त्याच महिन्यात, चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने हेही बजावले की गैरकारभार दूर करण्यासाठी घेतलेला ताबा अनिश्चित काळ ठेवता येणार नाही; दोष दूर होताच मंदिर परत केले पाहिजे. पहिला निकाल उच्चरवाने सांगणारे दुसऱ्याविषयी गप्प का? वंशाचा मक्ता मोडून तिथे पक्षाचा मक्ता बसवणे, याला सुधारणा म्हणत नाहीत.

इच्छा असेल तर कायदेमंडळे काय करू शकतात, हेही देशाने पाहिले आहे. उत्तराखंडने २०१९ मध्ये केलेला चारधाम देवस्थानम कायदा तीर्थपुरोहितांच्या विरोधानंतर २०२१ मध्ये मागे घेतला. वक्फ कायद्यातील दुरुस्तीसाठी संसदेची संयुक्त समिती अनेक महिने बसली, निवेदने ऐकली आणि २०२५ मध्ये कायदा झाला. वक्फसाठी संसद एवढा वेळ देऊ शकते, तर अंबाबाईसाठी विधिमंडळाला एक अधिवेशन का सापडू नये?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. देवस्थानविषयक प्रत्येक नियम उपविधान समितीने तपासावा. लेखापरीक्षण अहवाल आणि जमिनींची नोंदवही दरवर्षी सभागृहापुढे यावी. समितीवर भाविकांचे प्रतिनिधी असावेत आणि राजकीय पदाधिकाऱ्यांना मज्जाव असावा. शासकीय ताब्याला निश्चित मुदत असावी. ती वाढवायची तर सभागृहात कारणे द्यावीत. यांत अवाजवी काय आहे?

सत्तेवर कोणताही पक्ष असो, हिंदू समाजाने हे प्रश्न आपल्या आमदाराला विचारलेच पाहिजेत. मत मागायला येणारा प्रत्येक उमेदवार आधी अंबाबाईचे दर्शन घेतो. निवडून आल्यावर तिच्या कारभाराबद्दल सभागृहात तो एकदा तरी उभा राहिला का, याचा हिशेब यापुढे भक्तांनीच ठेवावा.