कीबोर्ड ट्रे हवा, पण माऊससकट

वरसगाव धरणाच्या पाण्याकडे तोंड करून ऑफिसचे काम करण्याची हौस लवासातल्या फ्लॅटमध्ये भागते खरी. पण लॅपटॉप उघडला जातो तो बहुधा जेवणाच्या टेबलावर. त्याची उंची साधारण 75 सेंटिमीटर. पाच फूट उंचीची व्यक्ती पाय जमिनीला टेकवून बसली, तर तिचे कोपर बरेच खाली, साठ-बासष्ट सेंटिमीटरच्या आसपास येते. मग खांदे दिवसभर उचललेले राहतात आणि संध्याकाळी मान आखडते.

टेबलाखाली सरकणारा कीबोर्ड ट्रे हा फरक बराचसा भरून काढतो, म्हणून तो जरूर घ्यावा. अट एकच : माऊसही त्यावर मावला पाहिजे. स्वस्तातले अरुंद ट्रे नेमके इथे फसवतात. कीबोर्ड खाली, माऊस वर टेबलावर, आणि उजवा हात सतत ताणलेला! त्यापेक्षा ट्रे नसलेला बरा. मांड्यांना जागा उरते का, हेही बसून पाहावे. लॅपटॉपच ट्रेवर ठेवला तर पडदा आणखी खाली जाऊन मान वाकते. तिथे वेगळा कीबोर्ड लागतोच.

भाड्याच्या घरात टेबलाला स्क्रू मारता येत नसतील, तर खुर्ची उंच करावी आणि पायाखाली जेवणाचे दोन जुने पाट घ्यावेत.