भाषेचा ‘मृत्यू’ : एका अकर्मक क्रियापदाची चिकित्सा

आपल्या समीक्षाव्यवहारात ‘भाषा मरते’ हे विधान इतके रुळले आहे की त्याच्या व्याकरणाकडे कोणी पाहत नाही. ‘मरणे’ अकर्मक, ‘मारणे’ सकर्मक. पहिले क्रियापद वापरले की मारणारा वाक्याबाहेर राहतो आणि भाषेचा ऱ्हास पानगळीसारखी नैसर्गिक घटना ठरतो. मग अभ्यासकाचे कर्तव्य एवढेच उरते : अखेरच्या भाषकांचे शब्द टिपून घ्यावेत आणि संहिता कपाटात ठेवावी. ही भूमिका शास्त्रीय तटस्थतेचा आव आणते. वस्तुतः ती पक्षपाती आहे. शोशोनी भाषेच्या उदाहरणावरून हे दाखवता येते.

शोशोनी ही उटो-अझ्टेकन भाषाकुलातील न्यूमिक शाखेची भाषा. तिचे भाषक अमेरिकेतील नेवाडा, युटा, आयडाहो आणि वायोमिंग ह्या राज्यांत विखुरले आहेत. ते स्वतःला ‘नेवे’, म्हणजे माणसे, म्हणवतात. ही भाषा आपोआप क्षीण झाली नाही. २९ जानेवारी १८६३ रोजी बेअर नदीकाठी अमेरिकी सैन्याने शेकडो शोशोनींची कत्तल केली. पुढे निवासी शाळांतून आदिवासी मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या. अशा शाळांतून आलेल्या पिढीने आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलणे पत्करले, तर त्याला ‘स्वेच्छा’ म्हणणे क्रूर आहे. मूळ अमेरिकी भाषांविषयीच्या १९९०च्या कायद्यात तेथील संसदेनेच दडपणूक व उच्छेद ह्यांचा उल्लेख केला आहे. आपण मात्र अजून ‘मृत्यू’च म्हणतो.

संकलनाचे मोल मी नाकारीत नाही. युटा विद्यापीठातील भाषावैज्ञानिक विक मिलर ह्यांनी शोशोनी कथा ध्वनिमुद्रित केल्या आणि १९७२मध्ये कथा व शब्दकोश ह्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. परंतु शोशोनीत काही स्वर कुजबुजल्यासारखे, नादाविना उच्चारले जातात. छापील अक्षर ते सुचवते, ऐकवत नाही. धूर्त कोयोटीच्या कथा हिवाळ्यात सांगायच्या, हा संकेतही कथेबाहेरचा नव्हे. तो तिच्या अर्थाचाच भाग होय. श्रोत्यावाचून उरलेली संहिता कथेचा पुरावा असते, कथा नव्हे.

मिलर १९९४मध्ये निवर्तले. नंतर त्यांच्या ध्वनिफिती संगणकीय रूपात आणल्या गेल्या आणि २००९पासून शोशोनी तरुणांसाठी युटा विद्यापीठात उन्हाळी भाषावर्ग सुरू झाले. संग्रहातला आवाज त्या समाजाच्या कानांकडे परतण्याची वाट अशी निघाली. ह्या वर्गांना पैसा पुरवला तो बॅरिक गोल्ड ह्या खाण कंपनीने. आणि तिच्या खाणी पश्चिम शोशोनींच्या पारंपरिक भूमीवर आहेत. तेव्हा पुनरुज्जीवनाच्या वाक्यातही कर्ता शोधावा लागतो. ह्यावरून ते वर्ग त्याज्य ठरत नाहीत. परंतु ज्या डोंगराचे नाव मूल शिकते तो डोंगर कोणाचा, हा प्रश्न वर्गाबाहेर ठेवता येत नाही.

येथे दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला प्रमाणीकरणाचा. मिलर आणि बेव्हर्ली क्रम ह्यांची एक लेखनपद्धती. आयडाहो राज्य विद्यापीठात द्रुसिला गूल्ड आणि ख्रिस्तोफर लोदर ह्यांनी रुजवलेली दुसरी. ‘आधी एक ठरवा, मग शिकवा’ हा सल्ला प्रमाण मराठीच्या संस्कारात वाढलेल्या आपल्याला सहज सुचतो. पण लेखनाविषयी मतभेद होण्यासाठीही भाषेत गुंतलेली माणसे लागतात. दोन पद्धती हे मरणाचे लक्षण नव्हे. दुसरा आक्षेप शुद्धतेचा : नव्या भाषकांची शोशोनी आजीच्या शोशोनीसारखी नसेल. नसेलच. आपली मराठी तरी ज्ञानेश्वरांची कोठे राहिली आहे? आपल्या भाषेतील बदलाला विकास म्हणायचे आणि त्यांच्या भाषेतील बदलाला भ्रष्टता, हा न्याय कोणत्या सिद्धान्तात बसतो?

हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडता येणार नाही. जात्यावरच्या ओव्या संकलित करून आपणही ‘जतन झाले’ असे लिहितो आणि जाते व गाणारी दोघांनाही तळटीपेत ढकलतो. म्हणून मागणी साधी आहे. ‘अमुक भाषा मरत आहे’ असे लिहिणाऱ्या संशोधकाने वाक्याचा कर्ता नोंदवावा : कोणी शिक्षा केली, कोणी जमीन घेतली, आज शिकवण्याचा खर्च कोण करतो आणि कशासाठी. एवढे लिहिण्याची तयारी नसेल, तर त्याने तटस्थतेचा दावा सोडून द्यावा.